एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: आधी विंडोजची बाजू आवरा

मुंबईतल्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. वडिलांच्या दुकानाचे हिशेब टॅलीत, जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकन त्यालाच लावायचं, मंडळाच्या स्मरणिकेच्या जुन्या फायली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मुलीला इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं. दुसरा लॅपटॉप घ्यायचा तर पैसे हवेत. डेस्कटॉप घ्यायचा तर तो ठेवायला जागा हवी. अशा घरासाठी एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, म्हणजे डुअल बूट, हा फार कामाचा मार्ग आहे.

त्याला सध्या आणखी एक कारण मिळालंय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरगुती ग्राहकांसाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप केवळ नियमांमुळे बाहेर पडतो. तो भंगारात देऊ नका. रोजचं ब्राउझिंग आणि अभ्यास लिनक्सवर न्या, आणि ज्या दोन-तीन कामांना विंडोजवाचून गत्यंतर नाही तेवढ्यांसाठी ते ठेवा.

आता मुख्य मुद्दा. लिनक्स टाकणं अवघड नाही. ते अर्ध्या तासात होतं. लोकांचा डेटा उडतो तो त्याआधी विंडोजची बाजू आवरलेली नसते म्हणून. त्यामुळे या लेखात निम्म्याहून जास्त मजकूर लिनक्सला हात लावण्याआधीच्या कामांचा आहे, आणि तो वगळून पुढे जाऊ नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आधी ठरवा: डुअल बूटच हवं का?

फक्त कॉलेजच्या शेल स्क्रिप्टिंगसाठी किंवा सी प्रोग्रॅमसाठी लिनक्स हवं असेल, तर विंडोजच्या आतच चालणारं डब्ल्यूएसएल पुरतं. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागांना, हात लावायची गरजच नाही. दोन्ही सिस्टिम एकाच वेळी उघड्या हव्या असतील तर विंडोजच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स वापरा. मात्र मशीनला किमान ८ जीबी रॅम हवी. ४ जीबीवर व्हर्च्युअलबॉक्स चालवणं म्हणजे दोन्ही सिस्टिम रखडवणं. मॅक २०२० च्या शेवटापासूनचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्यावर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय, चालत नाही.

डुअल बूटचा खरा फायदा रॅम कमी असलेल्या मशीनला होतो, कारण एका वेळी एकच सिस्टिम चालते आणि पूर्ण ताकद तिलाच मिळते. तोटाही तोच. टॅलीतून लिनक्सवर यायचं तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागतो. घरात दिवसातून दहा वेळा अदलाबदल होणार असेल तर कटकट होईल.

डेटा बाहेर काढा, आणि उघडून बघा

एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क असं सगळं तिच्यावर कॉपी करा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातल्या पाच-सात फायली खरोखर उघडून बघा. कॉपी झालेली दिसणं आणि फाइल उघडणं यांत फरक आहे. टॅलीचा बॅकअप तर टॅलीतूनच घ्या, आणि जमल्यास दुसरीकडे रिस्टोअर करून खात्री करा.

एका रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशनही तयार करून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल ते फुकट करून देतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. काही बिनसलंच तर दुकानात जाऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायची वेळ येत नाही.

विंडोजमध्ये चार गोष्टी

पहिली: मशीन कशा पद्धतीने बूट होतं ते बघा. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ वाचा. तिथे युईएफआय, म्हणजे नवी पद्धत, असेल तर उत्तम. लेगसी असेल तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, जिच्यात प्रायमरी पार्टिशन चारच करता येतात. तेव्हा लिनक्सही लेगसी मोडमध्येच टाकायचं. एक सिस्टिम युईएफआयमध्ये आणि दुसरी लेगसीत अशी सरमिसळ केली की बूट मेन्यूत एकच दिसते आणि दुसरी गेली असं वाटून माणूस घाबरतो. पुढचं सगळं मी युईएफआय धरून लिहितोय.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, आणि इथे थोडं थांबायला हवं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ते दिसतं. ते चालू असताना बूटची रचना बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा डोळ्यांसमोर असून मिळत नाही. मायक्रोसॉफ्टही तो उघडून देऊ शकत नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. नुसता मोबाइलमध्ये फोटो काढून भागवू नका. घरातच राहणारा लॅपटॉप असेल तर एन्क्रिप्शन बंद करून पुढे जाणं सोपं. बंद व्हायला बराच वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. पण लॅपटॉप रोज विरार किंवा कर्जत लोकलने प्रवास करत असेल, तर तो गर्दीत हरवण्याची शक्यता धरायलाच हवी. तेव्हा एन्क्रिप्शन काढू नका. व्हर्च्युअलबॉक्स किंवा खाली सांगितलेली वेगळी डिस्क हा मार्ग धरा.

तिसरी: फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असलं की ‘शटडाउन’ केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही. त्याचा गाभा हायबरनेट होतो आणि डिस्क अर्धवट उघडी राहते. अशा डिस्कवर लिनक्सने काही लिहिलं तर फायली खराब होऊ शकतात, म्हणून लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. मग ‘लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची निळी ओळ, आणि खालची टिक काढा.

चौथी गोष्ट सगळ्यांना लागत नाही. काही इंटेल लॅपटॉपमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास मोडवर असतं, आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या विंडोजबाहेरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते एएचसीआय या साध्या मोडवर करावं लागतं, पण थेट बदललंत तर विंडोज चालू होणार नाही. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट या टॅबखाली सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग ती टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतःच उचलतं.

जागा मोकळी करणं

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्कची आडवी पट्टी दिसते. ५१२ जीबीची एसएसडी असेल तर एकूण साधारण ४७६ जीबी दिसेल. जागा चोरीला गेलेली नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे. पट्टीच्या डावीकडे १०० किंवा २६० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन असतं, मग मोठा सी ड्राइव्ह, कदाचित डी, आणि शेवटी किंवा मध्ये रिकव्हरी. ईएफआय आणि रिकव्हरीला हात लावायचा नाही. या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये हीच पार्टिशनं वेगळ्या नावांनी दिसतील, तेव्हा आकड्यांवरून ओळखायला तो लागेल.

आता डी ड्राइव्ह कुठे आहे ते बघा. तो सी च्याच पट्टीत असेल तर जागा डी मधून काढा. सी ड्राइव्हमध्ये पेजफाइल आणि तशाच काही न हलणाऱ्या फायली मध्येच बसलेल्या असतात, त्यामुळे १५० जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज वीसच जीबी सोडायला तयार होतं. डी मध्ये ती अडचण क्वचित येते. पण डी खालच्या वेगळ्या पट्टीत, ‘डिस्क १’ म्हणून असेल, तर ती बहुधा जुनी फिरणारी हार्डडिस्क आहे. तिच्यावर टाकलेलं लिनक्स रखडत चालेल आणि लिनक्सच वाईट असा ग्रह होईल. अशा वेळी एसएसडीवरच, सी मधून, जमेल तेवढी जागा काढा.

ज्या ड्राइव्हमधून जागा काढायची त्यावर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणा. आकडा एमबीत टाकायचा असतो. १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहा. लिनक्स मिंट (आपण टाकणार आहोत ती लिनक्सची आवृत्ती) २० जीबीतही बसतं, पण ६० च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. काही महिन्यांतच जागा कमी पडते आणि मग पार्टिशन सरकवत बसणं पहिल्या कामाहून जोखमीचं. श्रिंक झाल्यावर पट्टीत काळी कडा असलेला ‘अनअलोकेटेड’ तुकडा दिसेल. तो तसाच सोडा, त्यावर नवीन व्हॉल्यूम करू नका. एकदा रीस्टार्ट करून विंडोज नीट उघडतंय आणि टॅली चालतंय याची खात्री करा. हे सगळं चार्जर लावूनच करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर.

पेनड्राइव्ह आणि चाचणी

पहिल्यांदा येणाऱ्यांना मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवेन. तिचा मेन्यू विंडोज वापरलेल्या माणसाला लगेच हाताळता येतो. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत, मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिचा एसएचए-२५६ हा तपासणीचा आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हा आकडा मिळतो.

मग रुफस हे आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा आणि लिहा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. एक्स्टर्नल हार्डडिस्क त्या वेळी काढून ठेवा, म्हणजे चुकून बॅकअपच निवडला जाणार नाही.

लॅपटॉप चालू करताना डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप दाबून बूट मेन्यू आणा. एसरवर एफ१२ चालतं, पण बऱ्याचदा आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. पेनड्राइव्ह निवडला की मिंट काहीही न टाकता, थेट पेनड्राइव्हवरून उघडतं. लगेच इन्स्टॉलकडे धावू नका. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड, वेबकॅम, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, घरचा प्रिंटर दिसतोय का, हे सगळं इथेच तपासा. वाय-फाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मिळतो का बघा. इथे जे चालत नाही ते टाकल्यावर आपोआप चालेल अशी आशा ठेवू नका.

टाकण्याचा पडदा

इन्स्टॉलर सुरू केला की भाषा मराठीही निवडता येते. तरी अडचण आली तर मदत शोधणं सोपं जावं म्हणून पहिल्या वेळी इंग्रजी ठेवा. पुढे निर्णायक पडदा येतो. ‘अलॉन्गसाइड विंडोज’ हा पर्याय सोपा आहे आणि बहुतेकदा बरोबर काम करतो. ‘इरेझ डिस्क’ म्हणजे विंडोजसकट सगळं साफ; त्याकडे बघूही नका. मी मात्र ‘समथिंग एल्स’च निवडायला सांगेन, कारण तिथे काय कुठे जाणार ते आपल्याला दिसतं.

त्यात पार्टिशनांची यादी येते. मोबाइलमधला फोटो शेजारी ठेवा. आकार बघत एकेक ओळ ओळखा: हे ईएफआय, हा सी, ही रिकव्हरी. ‘फ्री स्पेस’ लिहिलेली, तुम्ही सोडलेल्या आकाराची ओळ निवडा आणि अधिकचं चिन्ह दाबा. आकार पूर्ण ठेवा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणून एकच तिरपी रेघ (/). स्वॅपचं, म्हणजे रॅम कमी पडली तर लागणाऱ्या जागेचं, वेगळं पार्टिशन करायची गरज नाही, मिंट त्यासाठी फाइल वापरतं. ईएफआयच्या ओळीत फॉरमॅटच्या चौकटीत टिक नाही ना, ते डोळ्यांनी बघा. मशीन चालू होताना सिस्टिम निवडू देणारा लिनक्सचा बूटलोडर ग्रब विंडोजच्या बूट मॅनेजरशेजारी, त्याच छोट्या पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. ते फॉरमॅट झालं तर विंडोज बूट होणार नाही.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर कोणती पार्टिशनं फॉरमॅट होणार त्याची यादी दिसते. तिथे फक्त तुमचं नवं ईएक्सटी४ पार्टिशन असलं पाहिजे. एनटीएफएस (विंडोजच्या पार्टिशनचा प्रकार) असं काहीही त्या यादीत असेल तर मागे जा. इथपर्यंत विंडोजच्या डेटाला काहीही झालेलं नसतं, त्यामुळे शंका असेल तर बेलाशक सगळं रद्द करा आणि दुसऱ्या दिवशी बसा.

गाणी-व्हिडिओंसाठीच्या मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक केली तर सिक्युअर बूट या बूटच्या वेळच्या सुरक्षा तपासणीसाठी एक पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो लक्षात ठेवा. पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा काही सेकंदच येतो. कुठलीही की दाबून ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. हा पडदा हुकला तर काही ड्रायव्हर चालत नाहीत.

पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी

रात्री साडेनऊला लिनक्स बंद करून विंडोज उघडलं की घड्याळ संध्याकाळचे चार दाखवू शकतं. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) ही आज्ञा आहे. तिचा ‘सेट लोकल आरटीसी’ (set-local-rtc) हा पर्याय १ केला की दोघं एकच वेळ वाचतात.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी ग्रबचा मेन्यू दिसेनासा होतो आणि मशीन थेट विंडोजमध्ये जातं. लिनक्स पुसलं गेलेलं नसतं, बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन लिनक्सची नोंद पुन्हा वर आणा. मिंट टाकलं असलं तरी ती नोंद बहुधा ‘उबुंटू’ नावाने दिसते, गोंधळू नका. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने तर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक डुअल बूट मशीनवर लिनक्स उघडणंच थांबवलं होतं, जुना बूटलोडर असुरक्षित ठरवून. त्यामुळे लिनक्स महिनोन्महिने न उघडता ठेवू नका. अधूनमधून उघडून त्याचेही अपडेट्स घ्या.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडा. भारतीय लेआउटच्या यादीत मराठीचा कागपा फोनेटिक मिळतो. इनस्क्रिप्टची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनातून तो लेआउट घ्या. युनिकोडमधला मजकूर दोन्हीकडे सारखाच उघडतो, फक्त मंगल फॉन्टच्या जागी दुसरा दिसेल. श्रीलिपीच्या जुन्या फायलींचं तसं नाही. त्यांचे फॉन्ट नसतील तर तिथे अगम्य अक्षरं दिसतात. ती फाइल लिनक्समध्ये उघडून सेव्ह करू नका. विंडोजमध्येच युनिकोडला बदलून घ्या आणि मग इकडे आणा.

दोन्हीकडून लागणारी कागदपत्रं डी ड्राइव्हवर ठेवा. लिनक्स एनटीएफएस वाचतं आणि लिहितं. उलट विंडोजला ईएक्सटी४ समजत नाही. ते पार्टिशन बघून ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

लिनक्सची ओळख करून घ्यायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत आणि ते फुकट आहेत.

दोन डिस्क असतील तर

थोडे पैसे घालता येत असतील तर एकाच डिस्कचे तुकडे करण्यापेक्षा दुसरी एसएसडी लावणं मला जास्त पसंत आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ चा एक खाच रिकामा असतो; तो साटाचा आहे की एनव्हीएमईचा हे मॉडेलच्या माहितीतून बघून मगच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा. दिसायला सारख्या असल्या तरी एकाची एसएसडी दुसऱ्यात चालत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी तिथे ‘कॅडी’ मागा. डीव्हीडी काढून तिच्या जागी अडीच इंची एसएसडी बसते. कॅडी दोन जाडीत येते, साडेनऊ आणि १२.७ मिलिमीटर, काढलेला ड्राइव्ह सोबत न्या.

लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क शक्य असल्यास सोडवून ठेवा, किंवा बायोसमधून बंद करा. नाहीतर इन्स्टॉलर आपला बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये टाकण्याची शक्यता असते, आणि वेगळी डिस्क घेण्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

लिनक्स काढायचं असेल तर

आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज त्यावरून थेट उघडतं का ते बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ज्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नाही आणि ज्याचा आकार तुम्ही दिलेल्या आकाराशी जुळतो, तेवढंच डिलीट करा. मोकळी जागा लगेच उजवीकडे असेल तर शेजारच्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड’ केल्यावर ती परत मिळते. मध्ये रिकव्हरी आली असेल तर ‘एक्स्टेंड’ करड्या रंगात दिसेल. तेव्हा रिकव्हरी उडवू नका, त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करून वापरा. ईएफआयमध्ये राहिलेल्या लिनक्सच्या फायली काही एमबीच्या असतात. त्या तशाच राहिल्या तरी विंडोजचं काही बिघडत नाही.